लोखंडाची पट्टी

मला एका जागी बसवत नाही. पायाला भिंगरी आहे, असं बाबा लहानपणापासून म्हणत आलेत. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली, तरी माझ्या चपलांच्या आवाजावरून अजूनही म्हणतात. पनवेलच्या जुन्या बाजारात आमचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. तीन वर्षांपासून कामाचं टेबल माझं आणि दाराजवळचं स्टूल त्यांचं.

बाबांचा एक नियम होता. चुंबक असलेला जुना भाग मशीनमधून काढला, की त्याच क्षणी त्यावर लोखंडाची पट्टी आडवी लावायची. चुंबक उघडं राहिलं तर त्याची ओढ कमी होते, म्हणायचे. "फिरणारं सगळं झिजतं. बेअरिंग जातं, कॉइल जळते. चुंबक मात्र तुझ्या-माझ्या पलीकडे टिकतं. फक्त तापवू नकोस, आपटू नकोस, उघडं टाकू नकोस." पट्ट्यांचा एक डबाच होता आमच्याकडे. रोज दुकान बंद करताना ते विचारायचे, "पट्टी लावलीस?" मी हो म्हणायचे आणि ते उठायचे. बहुतेक वेळा मी लावलेलीही असायची.

मला या प्रकाराचा कंटाळा होता, हे कबूल करते. हल्लीच्या मोटारींतली चुंबकं इतकी पक्की असतात, की त्यांना पट्टीबिट्टी काही लागत नाही. फोनवर वाचलं होतं मी. तेवढ्या वाचनावर मी शहाणी झाले होते.

गेल्या हिवाळ्यात उरणकडचे एक कोळी काका त्यांच्या होडीचं इंजिन घेऊन आले. रॉकेलवर चालणारं, त्यांच्या वडिलांच्या वेळचं. दोरी ओढली की वरचं जड चाक फिरतं, चाकातली चुंबकं कॉइलजवळून जातात आणि ठिणगी पडते. चुंबकाची ओढ कमी असली तर ठिणगी दुबळी, आणि इंजिन तापलं की तीही पडत नाही. कॉइल जळली होती. मी चाक काढलं, तेवढ्यात फोन वाजला, मग गिऱ्हाईक आलं, मग मला पलीकडून तार आणायला जायचं होतं. चाक तीन दिवस टेबलाखाली उताणं पडलं होतं. तिन्ही दिवस बाबांनी विचारलं, तिन्ही दिवस मी हो म्हटलं.

नवी कॉइल घालून इंजिन दुकानात सुरू केलं, पहिल्या ओढीला लागलं. काका खूश होऊन घेऊन गेले.

आठवड्यानं परत आले ते गुडघ्यापर्यंत चिखल सुकलेला. खाडीत तापलेलं इंजिन बंद पडलं आणि परत लागेना. ओहोटीनं होडी चिखलात बसली. पाणी भरेपर्यंत काका एकटे तिथे उन्हात, होडीतल्या मासळीची वाट लागलेली. ते रागावलेले नव्हते, आणि त्यामुळे मला जास्तच कसंतरी झालं. मी उगाच पाने-पक्कड आवरत होते.

"मॅग्नेट म्हातारा झाला आसंल," ते म्हणाले. "आमी पन झालोच की."

मी पटकन मान हलवली. सुटायची वाट आयती मिळाली होती.

"चुंबक असं म्हातारं होत नाही," बाबा स्टुलावरून म्हणाले. "चाक दे इकडे."

मी चाक काढलं, या वेळी पट्टी लावून, आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी पट्टी ओढून काढली, पुन्हा चिकटवली, पुन्हा काढली; ती फारच सहज सुटत होती. चाळीस वर्षं हेच केलेले हात होते ते. तिसऱ्यांदा त्यांनी पट्टी काढलीच नाही. चेहरा माझ्याकडे वळवला. त्यांना मी दिसत नव्हते, पण मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मग ते काकांना म्हणाले, "माझ्या हातून पट्टी लावायची राहिली. चूक माझी आहे."

काका बाबांच्या हातांकडे बघत राहिले, आणि त्या बघण्यात दया होती. ती मला सहन झाली नाही.

"बाबांनी हातही लावला नव्हता, काका," मी म्हणाले. "चाक मी उघडं टाकलं. त्यांनी रोज विचारलं, मी रोज खोटं सांगितलं."

काका माझ्याकडे वळले. "बरा झाला सांगितलंस, बाय. म्हाताऱ्याचा हात चुकाया लागला आसता, तर मी दुसरा दुकान बघितला आसता. तुजा चुकला, तर तू शिकशील."

मुंबईत एकाकडे चुंबकाची गेलेली ओढ पुन्हा भरून मिळते. दुसऱ्या दिवशी चाक मी स्वतः घेऊन गेले, तो काम करत असताना त्याच्या दारात येरझाऱ्या घातल्या, आणि पट्टी लावूनच परत आणलं. इंजिन आता चालतंय. परवाच काकांनी खाडीतून फोन केला होता, मागे इंजिनाचा आवाज येत होता. बाबांनी फोन कानाला लावून तो पुरता ऐकला.

मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. दुकान बंद करताना अजूनही विचारतात, "पट्टी लावलीस?" मी हो म्हणते. मग ते स्टुलावरून उठतात, चाचपडत टेबलापाशी येतात आणि हात लावून बघतात.