भोंगाबाईचा उखाणा

माझ्या मोठ्या जावेला गावात सगळे भोंगाबाई म्हणत. कापूस वेचताना तिचं तोंड हातापेक्षा जोरात चाले. बोंडअळीच्या वर्षी पीक किडलं, बायांचे चेहरे उतरले. तेव्हा ती एखादी अळी उचलून विचारी, "काहून वं बाई, आमच्याच वावरात तुह्यं माहेर हाय का?" बाया हसत पुन्हा वेचू लागत. मी न बोलणारी. मला ती मुकी म्हणायची.

नवऱ्याचं नाव मात्र ती कधीच घेत नसे. रेशनच्या दुकानात विचारलं की मला कोपर मारी. मी तरी कशी घेणार? ते माझे भासरे, थोरले दीर; त्यांचं नाव मीही घ्यायचं नसे. शेवटी दुकानदारच नाव सांगून टाकी.

त्याच वर्षी तिच्या डोक्यात गाठ निघाली, नेमकी बोलण्याच्या जागेजवळ. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, जागेपणीच ऑपरेशन करू. पुष्कळ मेंदू पाहून शिकलेला कॉम्प्युटर बोलण्याची जागा पडद्यावर दाखवतो. खात्रीसाठी तिथं हलका करंट लावायचा आणि बाईंना बोलतं ठेवायचं. बोलणं अडलं, तर तिथली गाठ तशीच सोडायची.

"वाचा गेली तं मले वावरात बुजगावणं म्हणून उभी करजो, मुके," ती हसून म्हणाली. पण माझा हात काही सोडला नाही.

ऑपरेशन चालू असताना नर्स बाहेर आली. भासरे खाली चहाला गेले होते. "चित्रं तर पटापट ओळखली," ती म्हणाली. "कॉम्प्युटर म्हणतो त्या जागेत बोलणं नाही, पण नवऱ्याचं नाव विचारलं आणि बाई गप्पच झाल्या. डॉक्टर थांबलेत."

मी मुकी, तरी बोलले, "ते नाव ती घेतच नाही. उखाणा घ्या म्हणा तिला."

थोड्या वेळानं नर्स हसतच परतली. आतून उखाणा आला होता:

"डोकं पडलं उघडं, मशीन शोधे गाव,
डॉक्टरच्या समोर घेते श्यामरावचं नाव."

गाठ निघाली, वाचा राहिली. मग ती गावभर सांगत सुटली, "मशीन लय डोस्के पाहून शिकलं म्हणते, पण आमच्या घाटंजीकडची बाई नव्हती पाह्यली त्यानं. माह्या मुकीनं शिकवलं त्याले."

मागच्या वर्षी ती तापानं गेली. तेरवीला बाया गप्प बसलेल्या, भासरे ओसरीत मान खाली घालून. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी पदर सारखा केला आणि तिचा उखाणा म्हटला, भासऱ्यांच्या नावासकट. बाया दचकल्या, मग खुदखुदल्या.

इतक्या वर्षांत माझ्याशी कधी न बोललेले भासरे ओसरीतून म्हणाले, "अजून एक डाव म्हण, बाई."