अंबाडीवरचा लसूण

अंबाडीची भाजी मला मुळीच आवडत नाही. आंबटढाण, गिळगिळीत. तरी हल्ली दर दोन-चार दिवसांनी मीच ती रांधतो, कारण बायकोला तिचा वास हवा असतो. खाता येत नाही तिला. अन्ननलिकेत गाठ आहे, पाण्याचा घोटही उतरत नाही. म्हणून पोटात नळी बसवली आहे, त्यातून मी तिला मुगाचं पाणी आणि दूध देतो. आता घरीच न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं, तसे आम्ही चिखलीला परत आलो.

मी आयुष्यभर एस.टी.त कंडक्टरकी केली. घरात कधी चहासुद्धा ठेवला नव्हता. पहिल्यांदा फोडणी टाकली तर आतल्या खोलीतून आवाज आला, "हिंग राह्यला!" खरंच राहिला होता. तेव्हापासून स्वयंपाक तीच करते म्हणा ना, खाटेवर पडून, नाकानं. "लसूण काढा ना जी, जळते तो!" "भाजीतल्या ज्वारीच्या कण्या खाली लागल्या. उभे काऊन राह्यले तसेच?" मी कुरकुर करायचो, पण खरं सांगतो, बरं वाटायचं. बाई अजून घर चालवते आहे, असं वाटायचं.

ताट घेऊन तिच्याजवळच बसायचं, हा तिचा हुकूम. "कशी झाली?"

"आंबट."

"आंबट तर असतेच! एवढं लिहिता, अन् धड सांगता येत नाही?"

लिहितो म्हणजे काय, दुपारी मोबाईलवर चार ओळी. परसात सातभाई पाखरं येतात, खारी येतात, त्यांच्याबद्दल. जुन्या सोबत्यांच्या ग्रुपवर टाकतो. ते न वाचताच अंगठे दाखवतात लेकाचे. ऐकणारी ही एकटीच. तिची तक्रार एकच, "पाखरं भांडतात कशी ते लिहिता, खातात काय ते नाही लिहीत." मग मी चव सांगायला शिकलो. लसूण लाल झालाय, दाताखाली कुरकुर वाजतोय, तेल कण्यांत मुरलंय. ती डोळे मिटून ऐकायची आणि घोट गिळल्यासारखं करायची. ते मला बघवत नसे.

परवा अंबाडी शिजली, लसूण तेलात टाकला, आणि परसात एकच गिल्ला झाला. सरपणाखालून मुंगूस निघालं होतं. शिळ्या भाकरीवर जमलेले सातभाई पळायचं सोडून फुगून, एकमेकांना चिकटून त्याच्यावर ओरडत होते. मी झारा हातात घेऊन दारात उभा. हे आज लिहायचं, पहिली ओळसुद्धा जुळत आली होती. मागे वळलो तर घरभर धूर. भिंतीपलीकडून शेजारीणबाई ओरडल्या, "भाईसाब, कुछ जल रहा क्या?"

"कुछ नहीं, भाभी," म्हणालो. लसणाचा कोळसा झाला होता. मी गॅस बंद केला आणि आतून शिव्या यायची वाट बघत उभा राहिलो.

आवाज आला नाही. झोपली असेल म्हणून डोकावलो. टक्क जागी होती.

"झाली का जी भाजी?"

"वास येते का तुले?"

तिनं लांब श्वास ओढला. "हाव. आज जमलं बुवा तुमाले."

तिचं नाकही गेलं, की मला रागवायचं त्राण तिच्यात उरलं नाही? विचारायची छातीच होईना. दुसरा लसूण सोलायचंही सुचलं नाही. तेच काळं तेल भाजीवर ओतलं आणि ताट घेऊन तिच्याजवळ बसलो.

"लसूण?" तिनं विचारलं.

"लाल." तोंडात कडूजहर झालं होतं.

"कुरकुरीत?"

"एकदम."

"मंग घ्या ना अजून," ती म्हणाली. मी उठलो आणि आणखी वाढून घेतली.