उद्याच्या मॅचच्या गप्पा

मेलबर्नला लेकीकडे राहायला आल्यापासून दर शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या अंगणातल्या गप्पा माझ्या कानावर पडतात. शेजारी फ्रँक, त्याची बायको मार्गारेट आणि त्यांचा जुना मित्र टॉम, तिघेही सत्तरी ओलांडलेले. विषय एकच, उद्याची फुटबॉल मॅच. इथला चेंडू लांबुळका असतो आणि तो हातात घेऊनही पळतात. कोणाचा गुडघा बरा झाला, वारा कुठून सुटेल, यावर तिघे तावातावाने भांडायचे आणि शनिवारी सोबतच मैदानावर जायचे.

या मंगळवारी मार्गारेट गेली.

शुक्रवारी टॉम आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. तो अंगणात फ्रँकच्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "त्यांचा तो उंच गडी उद्या खेळणार नाही म्हणे."

मला रागच आला. ही काय वेळ झाली? पण मग वाटलं, दुःखाबद्दल बोलायची वेळ या दोघांवर कधी आलीच नसेल. जे बोलता येत होतं, तेच धरून बिचारा मित्रापर्यंत पोचू पाहत होता.

फ्रँकने विचारलं, "वारा?"

"दक्षिणेचा. जाड कोट घाल."

"मैदानात तिच्या खुर्चीवर कोण बसेल रे?"

त्यानंतर मॅचचा विषय निघाला नाही. फ्रँक रडत होता आणि टॉम त्याच्याजवळ नुसता बसून होता.