बाबा कॉलेज पाहून आले

बारावीनंतरचा अख्खा उन्हाळा मी एका फोटोत राहिले. यवतमाळच्या एका कॉलेजचा फोटो, मैत्रिणीच्या ताईनं मोबाइलवर पाठवलेला. लांब व्हरांडा, समोर कडुनिंब आणि पायऱ्यांवर पाठमोरी बसलेली एक मुलगी. ढाणकीजवळच्या आमच्या गावात दुपारी घरातले सगळे आडवे झाले की मी गोठ्याच्या सावलीत बाज टाकायची, डोळे मिटायची आणि त्या व्हरांड्यात चालू लागायची. इतकी चालले, की कोणत्या खांबाचा रंग उडालाय तेही मला ठाऊक झालं. फोटोत खांब धड दिसत नव्हते, ही गोष्ट वेगळी.

मला झाडांचं शिक्षण घ्यायचं होतं, वनस्पतिशास्त्र, आणि तेही यवतमाळलाच, होस्टेलवर राहून. आईचं म्हणणं, उमरखेडला कॉलेज आहे, रोज अप-डाऊन कर, संध्याकाळी घरी ये. "यवतमाळले काय सोन्याचं शिकवतात?" असं ती विचारायची. उमरखेडमध्ये वाईट काहीच नव्हतं. फक्त तिथल्या पायऱ्यांवर पाठमोरी बसलेली मी मला दिसत नव्हते. हे आईला सांगितलं असतं, तर तिनं माझी दृष्टच काढली असती.

बाबा दोघींचं ऐकून घ्यायचे आणि शेतात निघून जायचे. एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "पाह्यल्याशिवाय कोणी पोट्टी देते का? मी पाहून येतो."

ठरल्या दिवशी सकाळीच मामा आला. दोघांनी इस्त्रीचे कपडे घातले, बाबांनी लग्नाकार्यातली टोपी काढली. मीही वेणी घालून, बॅग खांद्याला लावून दारात उभी. बाबा माझ्याकडे पाहतच राहिले.

"तू कुठं निघाली?"

"कॉलेज पाह्याले."

मामा खो खो हसला. "पोरगी कधी स्थळाचं घर पाह्याले जाते का वं?"

आमच्याकडे सोयरिकीचं घर पाहायला मोठी माणसं जातात, मुलगी घरी थांबते. कॉलेजचंही तसंच असतं, असं या दोघांना मनापासून वाटत होतं. जिला शिकायचं ती घरी, आणि ज्यांनी कॉलेजचं फाटकसुद्धा कधी ओलांडलं नाही ते एसटीत! मी बॅग आपटली. भांडले, रडले. काही उपयोग झाला नाही.

राग ओसरल्यावर बाजेवर पडले. बस आता महागावला असेल, आता आर्णीला. उन्हात रस्ता पाण्यासारखा हलतो, त्यावरून बस तरंगत चालली आहे असं दिसू लागलं. मग मी नेहमीच्या व्हरांड्यात शिरले, पण त्या दिवशी तिथे मी एकटी नव्हते. पुढे टोपी घातलेले बाबा आणि मामा चालले होते. मी हाका मारत होते. दोघंही मागे वळून पाहत नव्हते. जाग आली तेव्हा माझ्या कपाळावर सुंभाचे वळ उमटले होते.

दिवेलागणीला दोघं परत आले. बाबा पाय धुवायला बसले. मी तांब्यानं पाणी घालत होते. आईनं बाकी सगळं सोडून एकच विचारलं, "पाणी पेले का तिथं?"

स्थळ पसंत नसलं की आमची माणसं काहीतरी सबब सांगून पाण्याला हात न लावता उठतात. पाणी घेतलं म्हणजे मन बसलं.

"पेलो," बाबा म्हणाले. "गोड आहे पाणी."

आईचं तोंड उतरलं. पण पाणी घेतलेलं स्थळ उगाच मोडायचं नसतं, हे तिलाही कळत होतं. मी मात्र बाबांचे धुतलेले पाय पुन्हा धुतले.

मग रात्रीच्या जेवणापर्यंत मामानं सगळं रंगवून सांगितलं. आधी फाटकासमोरच्या पानठेल्यावर चौकशी केली, मास्तर वेळेवर येतात का, घरात भांडणं आहेत का. होस्टेलची बाई तोंडानं फटकळ निघाली, पण पोरी तिला भिऊन असतात म्हणून ती पसंत. पायऱ्या मधोमध झिजलेल्या, म्हणजे पोरं खरंच येत असावीत. ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, मुलगी कुठं आहे? बाबा म्हणाले, "घरी आहे. आमाले पसंत पडलं का आणतो."

"आणि प्रयोगशाळा?" मी विचारलं.

"ते मी कायले पाहू?" बाबा म्हणाले. "नांदायचं तुले आहे."

कॉलेज सुरू झालं तेव्हा बाबाच सोडायला आले. माझ्या व्हरांड्यापेक्षा खरा व्हरांडा बराच आखूड निघाला. कडुनिंब मात्र तसाच होता. पेटी वाहून बाबा घामाघूम झाले होते. मी कूलरचं पाणी आणलं, तर त्यांनी हात मागे घेतला.

"आता नाही पेत."

"काहून? त्या दिवशी तर पेले."

"त्या दिवशी स्थळ होतं. आता लेकीचं घर आहे."

मांडीवर नातवंड येईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे आजोबांनी आत्याच्या बाबतीत पाळलं होतं. मी मोठ्यानं हसले. बाबा हसले नाहीत. फाटकाबाहेर जाऊन त्यांनी पानठेल्यावर पाण्याचं पाऊच फोडलं आणि उभ्यानं प्यायले. ते पाहताना माझं हसू विरलं. मला इथे यायचं होतं, एवढंच मी धरून बसले होते. मला कुणीतरी दिलंय, हे त्या क्षणी कळलं.

पुढची वर्षं बाबा आले की घरची बाटली घेऊन यायचे. मी संध्याकाळी पायऱ्यांवर बसायची, रस्त्याकडे पाठ करून. कुणी फोटो काढला असेल, तर त्यात मीही आहे.

पदवी मिळाली त्या दिवशी आईही आली होती. बाबा त्याच पायऱ्यांवर टेकले. मी डिग्री त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मांडीवर आडवी ठेवली आणि हळूच तिच्यावरून हात फिरवला. ऊन मी म्हणत होतं. आईनं घरची बाटली पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली.

"जा वं," बाबा मला म्हणाले, "कूलरचं पाणी आण."