पाटीवरची लाल ओळ

प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीच्या काठावर आमचं गाव. वर बंधाऱ्याचे दरवाजे उघडले की काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी वर ओढून घ्यायच्या, ही इकडची रीत. वेळेवर कळावं म्हणून मी चावडीवर एक विजेची पाटी लावली होती. सी भाषेतला माझा प्रोग्राम गावाच्या वेबसाइटवरून नदीच्या पातळीचा आकडा आणून पाटीवर दाखवायचा. ती वेबसाइट चालवायचे शहाद्याचे एक सर.

भादव्यात पाटीवरची पातळी जागची हलली नाही आणि पाणी मात्र चढलं. माझ्या काकांची मोटार वाहून गेली. चावडीवर सगळ्यांपुढे सर हसून म्हणाले, "साइट चोख आहे. पोरीसोरींच्या प्रोग्रामचं असंच व्हायचं."

काका माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "तुन्हा पाटीनी मन्ही मोटर बुडाई दिनी." मग माझ्याशी बोलायचेच बंद झाले. मला सायकलवर बसवून शाळेत सोडणारे काका. मी रडले नाही. दातओठ खात लॅपटॉप उघडला.

सर्व्हरच्या उत्तरात मजकुराच्या आधी काही ओळी येतात, त्यांना हेडर म्हणतात. प्रोग्राम लिहिताना सगळे त्या कापून टाकतात; दुधाच्या पिशवीवरची तारीख तरी कोण वाचतं? आता मी एकेक ओळ छापून बघितली. पहिली म्हणत होती, सगळं ठीक. खाली 'लास्ट-मॉडिफाइड', म्हणजे मजकूर शेवटचा कधी बदलला. पूर ओसरला तरी तिथे पुराच्या आदल्या सकाळचीच वेळ होती. सरांची साइट शिळा आकडा ताजा म्हणून वाढत होती.

फोन करून गुपचूप सांगता आलं असतं. का सांगू? त्यांनी मला गुपचूप सुनावलं होतं का? मी प्रोग्रामला ती ओळ वाचायला शिकवलं, तिच्यातली ग्रिनिचची वेळ आपल्या वेळेत आणली आणि पाटीवर आकड्याखाली लाल अक्षरांत लावली: 'हा आकडा कधीचा'. अक्षरं आकड्यापेक्षा मोठी ठेवली. मुद्दाम.

सकाळी चावडीवर गर्दी झाली. काकांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. "हाऊ आकडा ते शिळा शे!"

दुपारी सर धावत आमच्या ओट्यावर आले. "मॅडम, तेवढी ओळ काढा ना. साइट दुरुस्त केली मी."

पोरीची मॅडम झाली होती. मी म्हटलं, "केली असेल तर ती ओळच सांगेल गावाला." फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काका चहा ओतत होते. आमच्याकडे वैऱ्यालाही चहा विचारतात. काकांनी भरलेला कप माझ्या हातात दिला, आणि सरांना विचारलं नाही.