बाईंच्या दोन पिना

काल लेकीच्या शाळेच्या मैदानावर रेषा आखायच्या फक्कीचा वास आला आणि हातातली सामानाची यादी तशीच राहिली. सोनई गावातली माझी आठवी आठवली.

वर्गात मीच सगळ्यात उंच, म्हणून पोक काढून चालायचे. खो-खोत बसले तरी पाठ वाकलेलीच. खो मिळाला की आधी सरळ व्हायचे, मग उठायचे; तोवर पळणारी निसटलेली असायची.

“उठली का उंटीण?” मुली चिडवायच्या. दुसऱ्या दिवशी तालुक्याचा संघ निवडायचा होता आणि मला त्यात जायचंच होतं.

“पाठ सरळ!” खेळाच्या बाई ओरडल्या. मी ताठ झाले, ओढणी सरकली, ती सावरत मी लाजून पुन्हा वाकले. बाईंनी ते पाहिलं. मला भिंतीआड नेलं.

“एवढंच हुतं व्हय गं? सांगायचं न्हाई का?”

स्वतःच्या पदराच्या दोन्ही पिना काढून त्यांनी माझी ओढणी खांद्यांवर पक्की केली. “आता बस ताठ, अन् खो आला की सूट.”

पुढच्या खोला मी कधी उठले ते कळलंच नाही. हात थेट पळणारीच्या पाठीवर पडला. दुसऱ्या दिवशी संघात नावही आलं.

पण खो जमल्याच्या आनंदात तेव्हा मला दिसलंच नव्हतं, ते आता दिसतं: उरलेला सगळा तास बाई एका हाताने पदर धरून शिट्टी वाजवत होत्या.