मानाची बिडी

माझा आवाज मोठा आहे. उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीत नळाला कधीतरी पाणी यायचं, तेव्हा हंडे लावण्यावरून जी भांडणं व्हायची, त्यात तो तयार झाला. पुढं मी नर्स झाले. दवाखान्यात डॉक्टरांनी नेमकं हेच हेरलं आणि सर्जरीच्या वॉर्डातून उचलून मला जिन्याखालच्या खोलीत बसवलं. काम एकच. सुट्टी होऊन घरी गेलेल्या पेशंटला फोन करायचा, आणि त्याला पुन्हा बिडी-सिगारेटला हात लावू द्यायचा नाही.

दवाखान्यात काय, सगळेच सोडतात. हाताला सलाईन, उशाशी बायको, दारात वॉचमन; ओढणार कुठं? खरी कसोटी घरी गेल्यावर. सुट्टी झालेला माणूस गेटाबाहेर रिक्षाच्या आधी पानटपरी शोधतो, हे मी खिडकीतून रोज बघायचे आणि तिथूनच हाक मारायचे. टपरीवाला मला चांगलाच ओळखून होता. प्रेमानं नव्हे.

एका दुष्काळाच्या साली पिशोरकडचे एक मेंढपाळ मामा आमच्याकडं आले. बिडीनं त्यांच्या पायातल्या रक्तवाहिन्या आवळल्या होत्या. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली, काढावी लागली. डॉक्टरांनी साफ सांगितलं की बिडी थांबली तर पाय वाचेल. नाही थांबली तर आज बोटं गेली, उद्या घोट्यापासून जाईल, परवा गुडघ्यापासून. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "लंगडा धनगर कुटं पाह्यलाय का, सिस्टरबाई?"

मी मनाशी म्हटलं, हा पाय जाऊ द्यायचा नाही. काही झालं तरी नाही.

गावाकडं ना चारा होता ना पाणी, म्हणून मामा-मामी कळप घेऊन वाळूजच्या मागं उतरले होते. शहर तेव्हा त्या अंगाला हातपाय पसरत होतं. शेतांचे प्लॉट पडले होते, दगड रोवून चुना मारून ठेवलेले. त्या मोकळ्या प्लॉटांवर मेंढ्या वाळकं-सुकलं शोधत हिंडायच्या. मी फोन करायचे. बिडी? विचारलं की मामा ठासून सांगायचे, सोडली, एक बी इकत घेतली नाय. मी खूश. डॉक्टरांनाही छाती फुगवून सांगून आले.

मग ड्रेसिंगला आले तेव्हा पाहिलं, तर तिसरं बोट निळं पडायला लागलेलं. आणि सदऱ्याला वास. मामा शपथेवर सांगत होते की एक बिडी इकत घेतली असंल तर जीभ झडंल. शेवटी कोपऱ्यात उभी मामी हळूच म्हणाली, इकत नाय घेत, पन कुनी दिली तर पितेत की.

डोकंच फिरलं माझं. इतकी ओरडले की शेजारच्या एक्स-रेवाल्यानं दार उघडून पाहिलं. पण मामांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याची खूणसुद्धा नव्हती. उलट ते मलाच समजावायला लागले. इकत घेतलेली बिडी म्हणजे नाद, तो मी सोडला. दुसऱ्यानं हात पुढं करून दिलेली बिडी मानाची असती. तिला नाय म्हनू नये, त्यात समोरच्याचा अपमान होतो. म्हणजे मामा आपल्या परीनं खरंच बोलत होते. मी "सोडली का" विचारत होते, ते "इकत घेत नाय" सांगत होते, आणि मधल्या मधे बोट निळं पडत होतं.

रविवारी स्कूटी काढली आणि गेले वाळूजला. म्हटलं, बघू तरी कोण हा मान देणारा.

प्लॉटांच्या कडेला एक अर्धवट इमारत होती. बांधकामाला टँकरचं पाणी यायचं, ते सिमेंटच्या हौदात साठवायचे, आणि राखणीला एक वॉचमन होता. आसपास दुसरं पाणी नव्हतं. मामा कळप घेऊन आले तसा तो खाली उतरला. बिडीचा कट्टा काढला, एक मामांना दिली, एक स्वतःला घेतली, एकाच काडीवर दोन्ही पेटवल्या. दोघं निवांत बसले. बिड्या संपल्या, मग वॉचमननं उठून पाईप सोडला आणि मेंढ्या धावल्या.

मी तरातरा पुढं आलेली तिथंच थांबले. मामांनी मला पाहिलं, बिडी केव्हाच संपली होती तरी हात मागं लपवला. वॉचमन वर गेल्यावर म्हणाले, "नाय म्हनलं तर तो राग धरंल अन् पानी तोडंल. पाय माझ्या एकट्याचा हाय, बाई. तहान समद्या कळपाची हाय."

मी पेशंटला शिकवायचे ते सगळं आठवून पाहिलं. तोंडात बडीशेप ठेवा. फुटाणे चावा. तलफ आली की ग्लासभर पाणी प्या. पाणी प्या! त्या हौदाशेजारी उभं राहून हे म्हणायची मला लाज वाटली. डॉक्टरांनी मना केलंय असं सांगा की, असं सुचवलं. ते मामांचं सांगून झालं होतं; वॉचमन हसला होता, म्हणाला होता, डॉक्टर तर समदंच मना करतेत.

रडू यायला लागलं आणि त्याचाच राग आला. तोंड फिरवून कळपाकडं बघत बसले. मेंढ्या पार वाळून गेलेल्या, फक्त एक थोराड एडका मजेत रवंथ करत होता. कपाळावर हळद, गळ्यात पट्टा आणि घुंगरू. एवढे नग विकले या साली, हा का ठेवला, म्हणून मामीला विचारलं. ती म्हणाली, तो बिरोबाला सोडलाय. त्याचा भाव खाटीकसुद्धा इचारत नाय.

आता आमचं घर बौद्ध दीक्षा घेतलेलं. भिंतीवर देवाची तसबीर नाही, नवस नाही, उपास नाही. आईनं मला तसंच वाढवलं आणि मी तशीच आहे. पण त्या क्षणी माझ्यासमोर एक पाय होता. मी मामांना म्हणाले, "बिडी सोडली म्हणू नका. देवाला सोडली म्हणा."

मामा एकदम गंभीर झाले. असं वरवर म्हणता येत नाय, म्हणाले. एकदा सोडलं की आपलं ऱ्हात नाय, मागं घेता येत नाय. मी म्हटलं, मला तेच पाहिजे. त्यांनी पायाकडं पाहिलं. मग एडक्याकडं. हो म्हणाले नाहीत. मी तशीच परत आले.

पुढचं मामीनं फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी वॉचमननं बिडी पुढं केली. मामांनी ती नाकारली नाही, दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि उठून एडक्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात खोवली. आजपस्तोर माझी व्हती, म्हणाले, आता बिरोबाची. वॉचमन बघतच राहिला. मग त्यानं आपली पेटवलेली बिडी चपलेखाली विझवली, एडक्याला हात जोडले आणि पाईप सोडला.

पण म्हणून तलफ काय पळून जाते? मामा मामीवर विनाकारण खेकसायचे, रात्री उठून बसायचे. मी रोज फोन करायचे आणि बिडी? म्हणून दटावायचे. घरी आई चिडवायची, बिरोबाची पुजारीण कधी झालीस गं? मी सांगायचे, पाय वाचेपर्यंत काय म्हणायचं ते म्हण. हाच उपाय एका कंपनीतल्या पोराला सांगितला, तर तो खो खो हसला आणि टपरीवर गेला. त्याच्यासाठी दुसरं काही शोधावं लागलं. प्रत्येकाचा हौद वेगळा असतो, तो जाऊन बघावा लागतो.

मामांची जखम हळूहळू सुकली. तिसऱ्या बोटाला रंग आला. मग पिशोरकडं पाऊस झाल्याचं कळलं, आणि त्यांचा फोनच लागेना. प्लॉटावर गेले तर नुसत्या लेंड्या आणि विझलेली चूल. वॉचमन म्हणाला, गेले. कसे गेले, चालत की टेम्पोत, ते त्याला माहीत नव्हतं. मी पुढचे कितीतरी दिवस कामात लक्ष नसल्यागत फोनकडं बघत बसायचे.

एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडं गलका, मेंढ्यांचं बें बें, आणि अगदी जवळ घुंगरू.

"बिडी?" मी ओरडलेच.

"चालतोय, बाई," मामा म्हणाले. "दोन्ही पायांनी."